पहिला कोपरा

चर्चच्या गोल जिन्यात एका वेळी दोन माणसं मावत नाहीत, हे नव्या माणसाला कोण सांगणार? मी पेटती मेणबत्ती घेऊन वर चालले होते, तो धडधडत खाली येत होता... आणि वितळलेलं मेण थेट त्याच्या बाहीवर!

"अगं, बघून!"

"तूच बघ की! वर येणाऱ्याला आधी वाट देतात इथे."

त्यानं नखानं मेण खरवडलं. डोळे हसत होते मेल्याचे.

"थेक्ला ना तू? गेल्या नाताळात सूर खाली नेणारी?"

"कोणी सांगितलं?"

"बेकरीत. पाव बांधून होईपर्यंत सगळं कळलं."

असा भेटला मला लोरेन्त्स, आमचा नवा ऑर्गनवादक.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी आमच्या चर्चमधले दिवे मालवतात. चार कोपऱ्यांत चार गट मेणबत्त्या घेऊन उभे राहतात आणि गाण्याची एकेक ओळ कोपऱ्याकोपऱ्यानं फिरते. साथीला काहीच नाही. ऑर्गन येतो तो शेवटच्या कडव्याला, आणि तेव्हाच कळतं, आपण सुरात राहिलो की घसरलो. पहिला कोपरा, म्हणजे तिथे ओळ उचलण्याचा मान, आईचा होता. ती गेल्यावर माझ्याकडे आला. गेल्या वर्षी ऑर्गन सुरू झाला तेव्हा पुढच्या बाकावरच्या लोकांनी चक्क तोंडं वाकडी केली. यंदा आमच्या गायनप्रमुख झायफर्टबाईंनी बजावलं होतं, "पुन्हा सूर उतरला तर कोपरा दुसरीला देईन, थेक्ला."

नाताळाआधीच्या दर रविवारी चर्चमधल्या हिरव्या पानांच्या चक्रावर एकेक मेणबत्ती जास्त पेटत गेली आणि माझी झोप उडत गेली. तालमीनंतर लोरेन्त्स बाजारातून घरापर्यंत सोबत यायचा. वरून पाऊस, पावसात बर्फ, हातात गरम मसाल्याची वाइन.

"गा," तो म्हणायचा.

"इथे? लोक बघतायत."

"तिथे काय डोळे मिटून बसणार आहेत?"

मी गायचे. तो मान हलवायचा. "ओळ संपताना आवाज सोडून देतेस. घाबरतेस कुणाला?"

"तुझ्या ऑर्गनला!... थोडं सांभाळून घेशील ना?"

"ऑर्गन कुणासाठी खाली उतरत नाही."

असला राग आला म्हणून सांगू! पावसात त्यानं माझ्या गळ्यात घातलेला मफलर काढून त्याच्या अंगावर फेकावासा वाटला. फेकला मात्र नाही.

ती संध्याकाळ आली. दिवे गेले. मेण बोटांवर सांडत होतं. मी पहिली ओळ उचलली... नीट लागली! दुसरा कोपरा, तिसरा, चौथा, पुन्हा मी. पण तिसऱ्या कोपऱ्यातले आजोबा गारठलेले. त्यांच्याकडे ओळ गेली की सूर केसभर खाली यायचा. शेवटून दुसऱ्या कडव्याला माझ्या लक्षात आलं. पांढरी दोनवर सुरू केलेलं गाणं अर्धा सूर उतरून काळी एकवर येऊन बसलं होतं.

वर खेचू? मग उरलेले तीन कोपरे कुठे जातील? मी उतरलेलाच सूर घेतला. आईचा कोपरा गेला, हे कळत असताना घेतला.

चौथ्या कोपऱ्याची ओळ संपली. वर ऑर्गनजवळच्या छोट्या दिव्यात लोरेन्त्सचे हात उचललेले दिसले. ते तसेच थांबले... एक श्वास... अजून एक. लोक वळून बघू लागले. मी डोळे घट्ट मिटून घेतले.

आणि ऑर्गन वाजला—आमच्याच सुरात.

मला शेवटचं कडवं गाता आलं नाही. नुसती रडले.

प्रार्थना संपताच मी गोल जिना चढून वर गेले. झायफर्टबाई आधीच तिथे उभ्या.

"लोरेन्त्स, सूर उतरला होता ना?"

"छे, बाई! ऑर्गनशी जुळला की."

"माझे कान म्हातारे झालेत. एवढे नाही झालेले." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू खेचाखेच केली नाहीस, म्हणून चारही कोपरे एकत्र राहिले. कोपरा तुझाच, पोरी."

त्या जिना उतरून गेल्या. लोरेन्त्स बोटं चोळत होता.

"नोटेशन पांढरी दोनचं समोर, आणि वाजवायचं काळी एकवरून... जन्मात इतका घाबरलो नव्हतो."

"मग कशाला केलंस? ऑर्गन उतरत नाही म्हणाला होतास."

"म्हणालो होतो," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले. "पण तू खाली एकटी उभी होतीस, थेक्ला... आवडतेस मला. मेण सांडलंस तेव्हापासून."

खाली लोक एकमेकांना नाताळच्या शुभेच्छा देत होते. जिन्यात दोन माणसं मावत नाहीत. तरी आम्ही दोघं एकदमच उतरलो.