त्या रात्रीचा अडसर

सौरभ, तो मोबाईल पालथा ठेव. उजेड डोळ्यांवर येतो. भुतावर विश्वास ठेवा असं मी म्हणत नाही, पण हरेशला मी लहानपणापासून ओळखतो. उगाच थापा मारणारा माणूस नाही तो.

घणसोली गावात, टॉवरला खेटून, त्याचं जुनं घर आहे. बेचाळीसच्या चळवळीत एक मोठे पुढारी तिथं एक रात्र लपले होते. नाव देशाला ठाऊक आहे, रात्रीचं मी घेत नाही. बिल्डर मागं लागला तरी हरेशनं घर दिलं नाही, स्मारक केलं. खाट, तांब्या, कंदील, सगळं त्या रात्री होतं तसंच मांडायचं हा त्याचा हट्ट. माळ्यावर पडलेला दाराचा अडसरसुद्धा त्यानं तेल पाजून परत बसवला. तेवढ्यालाच त्याची आई, मालतीबाई, आडवी आली. त्या रात्रीनंतर त्या दाराला कोणी अडसर घातला नव्हता, नुसती कडी लावत.

कारण हरेशला माहीत होतं. त्या रात्री त्याच्या आजोबांना, गंगारामला, बजावलं होतं की उजाडेपर्यंत कोणाच्याही हाकेला दार उघडायचं नाही. धाकटा भाऊ बंडू खाडीच्या बांधावर पहाऱ्याला होता. मध्यरात्री तो दाराशी येऊन हाका मारायला लागला. गंगारामला वाटलं, पोलिसांनी धरून आणलाय. उघडलं नाही. पहाटे पुढारी मागच्या दारानं सुखरूप गेले. पुढच्या पायरीवर बंडू पडला होता, काळानिळा. बांधावर पान लागलं होतं. त्याचंही नाव रात्री घेत नाहीत, पण तुम्हा पोरांना कळायचं नाही म्हणून सांगतो... साप.

स्मारकाच्या फलकावर बंडू नव्हता. चांगल्या कामात ते अशुभ कशाला, असं हरेशला वाटलं.

उद्घाटन शनिवारी होतं. शुक्रवारी, मार्गशीर्षातल्या अमावास्येला, हरेश राखणीला तिथं झोपायला गेला. खाटेवरची चादर ताणून गुळगुळीत केली, स्वतः खाली सतरंजी टाकली आणि अडसर घातला. धाकटा भाऊ तेजस बाईकवरून तळोज्याला रात्रपाळीला गेला होता.

दीडच्या सुमारास जाग आली. गल्लीतली कुत्री गप्प होती.

बाहेर कोणीतरी पाय ओढत आलं. पायरीवर टेकलं.

"दादूस... दार उघर."

तेजसचाच आवाज. हरेश दारापाशी गेला आणि हात अडसरावर ठेवून थांबला. फोन लावला. रिंग जात होती, उचलत नव्हता. बाहेर वाजल्याचं ऐकू येईना. पण कामावर तो फोन सायलेंट ठेवतो...

"दादूस... पाय जलतोय रं."

ते असेल, तर उघडायचं कसं? आणि तेजस असेल, बाईकवरून पडून रक्तबंबाळ आला असेल, तर न उघडायचं कसं?

दारावर नखं घासली. सावकाश. खालपर्यंत.

मग हाक बारीक झाली. अजून बारीक...

मग काहीच नाही.

आजोबांनीही हेच ऐकलं असेल. इथंच उभं राहून.

हरेशनं अडसर काढला.

पायरीवर कोणी नव्हतं.

गार, ओलं काहीतरी त्याच्या खांद्याला घासून आत गेलं. खाडीच्या चिखलाचा वास आला.

हातातला फोन वाजला. तेजस.

"दादूस, मी कंपनीत हाय. कशाला फोन केलेलास?"

मागं... खाट करकरली.

तो अनवाणीच पळाला. सकाळी आईला घेऊन परत गेला. खाटेच्या चादरीत माणूसभर खळगा पडला होता. मालतीबाईनं पदर डोळ्यांना लावला.

"आला बापरा घरान," एवढंच म्हणाली. बापरा म्हणजे बापडा, आपला बंडू. चादर तिनं कोणाला ओढू दिली नाही. उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांनी वाखाणलं, साहेब आत्ताच उठून गेलेत असं वाटतं म्हणाले.

फलकावर आता बंडूचं नाव आहे. अडसर पुन्हा माळ्यावर गेला. पण उंबऱ्यापासून खाटेपर्यंत फरशीवर पावलं उमटलीत, वाळलेल्या मिठासारखी पांढरी. कितीही पुसा, फरशी सुकली की परत दिसतात.

सगळी आत जाणारी. बाहेर येणारं एकही नाही...