घळीतले दोन फोटो

"अहो, तेवढा मोबाईल बाजूला घ्या ना! फ्रेममध्ये येतोय."

ही त्यांची पहिली भेट. दोन्ही बाजूंना तांबड्या खडकाच्या उंच भिंती, मध्ये जेमतेम एक माणूस मावेल एवढी घळ, आणि तिथे वाटाड्या म्हणून आलेल्या त्याच्यावर ही बया खेकसली. मासिकातल्या 'कॅमेरा की मोबाईल' अशा तुलनेसाठी तिला एकाच जागेचे दोन फोटो हवे होते, एक तिच्या कॅमेऱ्याचा नि एक कुणाच्याही मोबाईलचा. मोबाईल त्याचा होता.

"मॅडम, इथे लेन्स बदलू नका. वारा सुटला की वरून वाळू पडते."

"बारा वर्षं हेच करतेय मी!"

"बरं... मी आपला टॉर्च धरतो," तो हसून म्हणाला. अरुंद जागी तिला वाट द्यायला तो भिंतीला चिकटला, तरी खांद्याला खांदा लागलाच. तिचं हृदय उगाच धडधडलं. त्या नादात तिने लेन्स बदलली आणि नेमकी वाळू कॅमेऱ्यात पडली. वरच्या फटीतून उन्हाचा झोत आला तसा दहा मिनिटांत गेलाही; तेवढ्यात दोघांनी आपापले फोटो काढले.

घरी बघते तर काय, तिच्या प्रत्येक फोटोवर काळे ठिपके! आणि त्याने मोबाईलवर पाठवलेला फोटो... भिंतीवरची रेघ न् रेघ जिवंत. बारा वर्षांची इभ्रत! तिने डोळे मिटून फोटोंखालची नावं बदलली. त्याचा फोटो कॅमेऱ्याचा झाला आणि ठिपक्यांचा मोबाईलचा.

अंक आला, वाहवा झाली. तिला मात्र घास गोड लागेना. स्वतःचीच किळस आली होती तिला. आठव्या दिवशी तिने संपादकांना सगळं खरं सांगितलं, बोलणी खाल्ली आणि थेट घळीचं तोंड गाठलं.

तो तिकिटाच्या खिडकीशी उभा होता. तिला मान वर करवेना.

"तो चांगला फोटो तुमचा होता. मी... मी चोरला. पुढच्या अंकात माफी छापून येईल. मला पुन्हा काम देतील की नाही, देव जाणे."

"माहीत होतं मला. मित्रांनी आठवडाभर पिडलं, तुझा मोबाईल भंगारात घाल म्हणून!"

तिला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. "मग एक फोन करून शिव्या तरी घालायच्या!"

"फोनवर घातल्या असत्या, तर तुम्ही फोनवरच माफी मागितली असती." तो घुटमळला. "इथे कशाला आला असता?"

तिने चमकून वर पाहिलं. त्याचे कान लालबुंद झाले होते.

"माफी फोनवरही मागता आली असती मला," ती हळूच म्हणाली. "केल्याची लाज वाटतेय, फार वाटतेय. पण तुम्ही आवडता... हे सांगायला नाही वाटत."