मिक्सरचं खोकं

"इंग्रजी सिनेमा मराठीत सांगावा तर तो मीच," असं फकिरा सगळ्या मखमलाबादला ऐकवायचा. कोणी मान डोलवायच्या आत स्वतःच पुढं जोडायचा, "कारण मला इंग्रजी येत नाय. ज्याला येतं, त्याला थापा मारायला जागाच उरत नाय."

साल चौऱ्याण्णव-पंच्याण्णवचं असेल. वाल्मीकनं मळ्याकडंच्या पत्र्याच्या शेडमध्ये व्हिडिओ लावला होता. शनिवारी दुपारी, नाशकाच्या बाजारात भाजी-फुलं विकून माणसं परतली की खेळ सुरू व्हायचा. चौथी नापास फकिरा हातात काठी घेऊन टीव्हीशेजारी उभा राहायचा आणि पडद्यावरच्या गोऱ्या माणसांच्या तोंडी गावातल्यांची उणीदुणी घालायचा.

एक सिनेमा तर नाशकातल्या कॉलेज रोडची पोरं लुना दामटत पुन्हा पुन्हा बघायला यायची. त्यात आभाळातून एक दुकान उतरतं. काचेच्या डोळ्यांचा दुकानदार गिऱ्हाइकांना चकचकीत खोकी देतो. आत काहीच नसतं, तरी माणसं ती घरात मांडतात, पुसतात, शेजाऱ्याला दाखवतात. मग एके दिवशी खोकी आतून बोलायला लागतात. "खरेदीच्या वेडाची टिंगल केलीय, बाबा," पोरं सांगायची. फकिराला टिंगल एवढाच शब्द पुरेसा होता.

नवसाबाई त्याची शेजारीण. त्याच्या मेलेल्या दोस्ताची बायको. तिचा झेंडू आणि ह्याची टमाटी पहाटे एकाच टेम्पोत जायची, आणि परतल्यावर फकिराचा चहा तिच्याच ओट्यावर व्हायचा. तिच्या फळीवर चार महिन्यांपासून मिक्सरचं खोकं होतं, चित्र दाराकडं करून ठेवलेलं. चटणी मात्र अजून पाट्यावरच वाटली जायची. एकदा ती पाण्याला गेली असताना फकिरानं खोकं उचललं. ते बाजारातून परतलेल्या पाटीसारखं अलगद वर आलं. उघडून आत डोकावला, तर रिकामं. गालात हसून त्यानं ते होतं तसं ठेवलं.

पुढच्याच शनिवारी नवसाबाई बायकांच्या पहिल्या रांगेत बसली होती. पडद्यावर दुकानदारानं खोकं वर धरलं आणि फकिरानं काठी तिच्याकडं वळवली.

"हा म्हणतो, नवसाबाई, खोकं तर केव्हाचं आणलंय, मिक्सर कधी आणता?"

पत्रे हादरले. वाल्मीक तर हसता हसता खोकायला लागला. फकिरा स्वतः काठी आपटून हसला. नवसाबाईनं पदर सारखा केला, "जरा सरका" म्हणाली आणि माणसांच्या गुडघ्यांमधून वाट काढत बाहेर गेली.

ते "जरा सरका" फकिराच्या छातीत रुतून बसलं. आठ दिवस ती टेम्पोला आली नाही. ओट्यावर चहा नाही. एसटीनं झेंडू नेते, असं कळलं. तिच्या दारावरून जायचं टाळायला म्हातारा बांधावरून वळसा घालू लागला.

शनिवारी पोरांनी पुन्हा तोच सिनेमा मागितला. खोकं वर आलं तेव्हा फकिरानं काठी खालीच ठेवली. पण लोकांना मागचं आठवलं आणि ते आपणहून हसायला लागले. तोंडं उघडली, खांदे हलले, वाल्मीक पोट धरून वाकला.

आवाज मात्र नव्हता.

बायांच्या बांगड्या वाजत होत्या, टीव्ही घरघरत होता, फक्त हसू ऐकू येत नव्हतं. फकिरानं काठी आपटली. तीही मुकी. त्यानं ती तिथंच टाकली आणि तडक नवसाबाईचं घर गाठलं.

दार उघडं होतं. आत कोमेजलेल्या झेंडूचा वास भरून राहिला होता. ती फळीकडं पाठ करून माळ ओवत बसली होती.

"वहिनी... चुकलं माझं."

"बसा, भाऊजी."

तो बसला आणि मग त्याला ऐकू आलं. फळीवरून येत होतं, झाकणाखाली दाबल्यासारखं. शेडभर माणसांचं हसू. त्यात बाया होत्या. शेवटी वाल्मीकचा खोकला होता. आणि सगळ्यांच्या वर, काठीच्या ठकठकीसकट, एक चिरकं, लांबलचक हसू... आपण हसतो ते असं ऐकू येतं, हे फकिराला साठ वर्षांत माहीत नव्हतं. त्याची मान खाली गेली.

"कधीपासून..."

"त्या दिवशी मी घरी आले, तवापासून. जेवताना बी. निजल्यावर बी."

खोक्याची वरची पट्टी किंचित उचलली जात होती, पुन्हा बसत होती. फकिरा चाचरत म्हणाला, "मी... लांब नदीत टाकून येतो."

"नाय उचलायचं तुम्हाला. लय जड झालंय आता."

खोक्यातलं हसू एकदम थांबलं. कोणीतरी कान देऊन ऐकत असावं, तसं.

नवसाबाईनं दोरा दातानं तोडला आणि आठ दिवसांत पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"तवा माझ्या माघारी उघडून बघितलंत ना, भाऊजी. आता मी समोर बसलेय. उघडा."