दर शुक्रवारी ट्रॅक्टर उजवीकडंच

"दोन्ही वेळा शुक्रवारच होता की गं," बांधावरच्या चिंचेच्या फांदीवरून मुस्कान म्हणाली. "आणि आज परत शुक्रवार हाय."

खाली तिखटमीठ लावून कैऱ्या हाणणाऱ्या निशिगंधा आणि तोहिदचं तोंड थांबलं.

भानगड अशी होती. मुस्कानचे अब्बा, बाबालाल, वीस वर्षं निशिगंधाच्या आजोबांचा ट्रॅक्टर चालवत होते. कधी कुत्र्याच्या शेपटीलाही धक्का नाही. पण मागच्या दोन शुक्रवारी शेणखताची ट्रॉली घेऊन निघाले, डेअरीजवळच्या स्पीडब्रेकरला ब्रेक दाबला, आणि ट्रॅक्टर सपकन उजवीकडं! पहिल्यांदा डेअरीला दूध घालायला आलेल्या चिमणाबाईच्या किटल्या आडव्या. दुसऱ्यांदा चिमणाबाईच आडवी व्हायची वाचली. मालक, म्हणजे निशिगंधाचे आजोबा हंबीरराव, कडाडले होते, "बाबालाल, तुझं वय झालं. आणि एकदा वाकडा गेलास तर शनिवारपास्नं येऊ नकोस."

"शुक्रवारी बाबालालमामा येगळं काय करत्यात?" निशिगंधाने विचारलं.

"दुपारी नमाजला जातात. तासभर ट्रॅक्टर रानातच असतो."

तोहिदने कैरीची कोय भिरकावली. त्याच्या मामाचं कबनूरला गॅरेज, त्यामुळे हा पठ्ठ्या अर्धा मिस्त्रीच. "ट्रॅक्टरला ब्रेकची पायडलं दोन असत्यात. उजव्या चाकाचं येक, डाव्याचं येक. रानात येकच दाबलं की जागच्या जागी वळतोय. पण रस्त्यावर दोन्ही लोखंडी खिट्टीनं जोडायची, म्हंजे येक दाबलं तरी दोन्ही दबत्यात. न्हायतर उजवं दाबलं की पळाला उजवीकडं."

"अब्बा रोज सकाळी खिट्टी लावतात. मी बघितलंय."

"मग दुपारी काढतंय कोण?"

निशिगंधाने जोतिबाहून आणलेला गुलाल गोड्या तेलात कालवला. बाबालाल मशिदीकडे वळताच तिघांनी खिट्टीला जाडजूड लेप दिला आणि उसात दडून बसले.

दहा मिनिटांत शीळ घालत ट्रॅक्टरवर चढले ते खुद्द हंबीरराव. बुटाच्या टोकाने खिट्टी उडवली, रोटाव्हेटर लावून रान उकरत चार फेऱ्या मारल्या, बांधावर गर्रकन वळायची हौस फेडली आणि उतरून गेले लिंबाखाली पान खायला. खिट्टी तशीच लोंबत.

"आबा कबूल हुणार न्हाईत," निशिगंधा कुजबुजली.

"त्यांचा बूट हुईल की," तोहिद म्हणाला.

बाबालाल आले, रोटाव्हेटर काढून ट्रॉली जोडली, चावी फिरवली. मुस्कान थेट समोर उभी राहिली. "अब्बा, उतरा. आधी खिट्टी बघा."

बाबालालनी उतरून वाकून बघितलं. खिट्टी लोंबत होती. "सकाळी लावलेली. अल्लाची शपथ."

"काय तमाशा लावलाय?" हंबीरराव तरातरा आले.

"आबा, जोतिबाला जाऊन आलासा काय?" निशिगंधाने त्यांच्या पांढऱ्या बुटाकडे बोट दाखवलं. टोक गुलाबीगुलाबी.

हंबीररावांनी बूट बघितला. खिट्टी बघितली. मग बाबालालकडे वळले. त्यांनी टोपी काढली.

"वय तुझं न्हाय झालं, माझी अक्कल गेलती. उद्या येतोस न्हवं?"

"येतो की मालक. चुकलं माझंबी. खिट्टी सकाळी न्हाय, रस्त्यावर निघताना बघायची असती."

डेअरीवर हंबीररावांनी स्वतः चिमणाबाईला सगळं सांगितलं. तिने तिन्ही पोरांच्या हातात दुधाचे पेले दिले. "शाबास रं माझ्या वाघांनो. तुमच्यामुळं माझी तंगडी वाचली."

पुढच्या शुक्रवारी हंबीरराव ट्रॅक्टरवरून उतरले, दोन पावलं गेले, थबकले, मागे फिरले. खट्! खिट्टी बसली. मग त्यांनी चिंचेकडे तोंड करून एक पाय वर उचलला आणि पांढराशुभ्र बूट झाडावरच्या तिघांना नीट दाखवला.