मल्हारच्या आईचा शनिवार

"मला काही आरामबिराम लागत नाही हो. मी दमतच नाही मुळी," संजनाने ठणकावून सांगितलं.

गंगापूर रोडच्या त्या थेरपी सेंटरमध्ये नवी टूम निघाली होती. शनिवारी मुलं वर्गात गेली की तासभर पालकांनी स्वतःची काळजी घ्यायची. तिथल्या मॅडम म्हणाल्या, बरं, निदान डोळे मिटून लांब श्वास तरी घ्या.

तिसऱ्या श्वासाला संजना घोरायला लागली.

जाग आली तेव्हा तिचं डोकं एका अनोळखी खांद्यावर होतं. शर्टाला झेंडूचा वास... आणि खांद्यावर तिच्या लाळेचा डाग.

"अहो, उठवायचं ना मला!"

"कसं उठवू? माझी जुई झोपली की मी पंखा बंद करायलासुद्धा उठत नाय," तो हळूच म्हणाला. "हात लय बधिर झालाय. पण राहू द्या ताई, घाई नाय."

"ताई नका म्हणू."

"मग?"

"सगळे मल्हारची आई म्हणतात."

"सगळ्यांचं सोडा. मी काय म्हणू?"

तिला आठवायला एक क्षण लागला. "संजना."

तो नवनाथ. पिंपळगावकडे फुलांची शेती. पहाटे टेम्पोने मार्केटला फुलं टाकायची, शनिवारी जुईला इथे आणायचं. जुईला चालता येत नाही. बायको गेल्यापासून तिला उचलणं, भरवणं सगळं त्याच्याकडेच. संजनाचा मल्हार ऑटिस्टिक. 'मला हे झेपत नाही' म्हणून नवरा निघून गेला, आणि तिचं सगळं झेपवणं तिथून सुरू झालं.

पुढच्या शनिवारी मॅडमनी दोघांना बाहेरच पिटाळलं. "मिसळ खाऊन या. मुलांबद्दल बोलायचं नाही."

मुलांबद्दल नाही बोलले. पण रस्ता ओलांडताना संजनाने सवयीने त्याचं मनगट करकचून धरलं. "पळायचं नाही हं. हॉर्न वाजला तरी घाबरायचं नाही."

सहा फुटी नवनाथ निमूट चालला. पलीकडे गेल्यावरही तिने मनगट सोडलं नाही... त्यानेही आठवण करून दिली नाही.

मिसळ आली. नवनाथने पावाचे बारीक तुकडे केले, रश्श्यात बुडवले, फुंकर घातली आणि चमचा तिच्या तोंडासमोर धरला. "आ कर."

संजनाने आ केला.

वेटर पाणी ओतायचा थांबला. नवनाथचे कान लाल झाले. संजनाला मात्र ठसका लागला तो तिखटाने नव्हे. किती वर्षांनी कुणी तिला भरवलं होतं...

मग आठवडा लांबायला लागला. सोमवारी पोळ्या करताना तिला झेंडूचा वास यायचा. मंगळवारी स्वतःलाच रागवायची – पोराच्या वाट्याचा तास आपण खातोय. शुक्रवारी तरीही केस धुवायची.

आणि एका शनिवारी मिसळ निवत असताना तो म्हणाला, "पिंपळगावलाच थेरपीवाल्या बाई येणारेत. आई म्हणते, पोरीला एवढं लांब कशाला दमवतो... पुढच्या आठवड्यापासून तिकडंच."

"बरंच झालं की," संजना म्हणाली आणि चमचा नुसताच फिरवत राहिली.

तो बघत राहिला. "मल्हारनी नुसतं बोट दाखवलं तर देता का हो त्याला?"

"नाही. हवं ते शब्दांत मागायचं, मगच मिळतं."

"आणि तुम्ही? महिना झाला, नुसत्या बघताय माझ्याकडं."

तिने मान खाली घातली. तो थांबला. उत्तर यायला वेळ लागतो, मधे बोलायचं नसतं, हे त्याला माहीत होतं.

"मला..."

"हां."

"मला तुम्ही हवेत. शनिवारी. आणि... बाकीच्या वारीपण."

"शाब्बास!" सवयीने तो टाळ्या वाजवून मोकळा झाला. अख्खं हॉटेल वळून बघायला लागलं.

"बावळट," ती डोळे पुसत हसली. "मग? पिंपळगाव?"

"त्या बाई जुईला बघतील बुधवारी. शनिवारी मी हायच इथं. जुईलापण आणतो. तिला मिसळ देऊ, तिखट कमी."

तिने टेबलावर हात पुढे केला. या वेळी मनगट नाही, बोटांत बोटं.

दोघं बाहेर आले. नवनाथचा टेम्पो जागेवर नव्हता. नो पार्किंगमधून उचलून नेला होता, न विकलेल्या झेंडूसकट.