खड्डेवाल्याचा चौकोन

ती गेल्याचं कळलं तेव्हा मी खड्ड्यात होतो. पाण्याच्या पाइपसाठी खणलेला, कमरेइतका. काठावर मेव्हणी येऊन उभी राहिली. ती दवाखान्यात बहिणीपाशी बसलेली असायची, तिला सोडून उठायची नाही. म्हणजे आता उठली होती.

"भावोजी, वर या," एवढंच म्हणाली.

बायकोची आणि माझी पहिली भेटही खड्ड्याच्या काठावरच झाली होती. याच गल्लीत. भर उन्हात वरून आवाज आला, "अहो खड्डेवाले, थोडी माती मिळेल का?"

मी मान वर केली. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात स्टीलची वाटी.

"किती? ट्रकभर?"

"वाटीभर."

"वाटीभर मातीत काय लावणार? मोहरी?"

"माणसं," ती म्हणाली आणि हसली. मी फावडं धरून तसाच उभा राहिलो... मागचा गडी खाकरला तेव्हा भानावर आलो.

ती चित्रकार होती. दुकानातले रंग घ्यायची नाही. गल्लीतल्या प्रत्येक घराने आपली माणसं जिथून आली तिथली माती आणायची. ती चाळायची, खलात घोटायची, डिंकाचं पाणी घालायची आणि मोठ्या जाड कापडावर त्या घराचा एक चौकोन भरायची. बेकरीवाल्याने आजोबांच्या भट्टीतली राख दिली. शिंप्याची म्हातारी माहेरची माती रुमालात बांधून घेऊन आली, आणि चौकोन भरून होईपर्यंत समोर बसून राहिली. माझ्या खड्ड्यातली माती चित्राच्या कडेला लागली, कारण ती गल्लीची स्वतःची. नियम एकच होता. ज्याची माती त्याने स्वतःच्या हाताने आणायची.

दुसऱ्या दिवशी मीच वाटी भरून तिच्या दारात गेलो.

"मी मागितली नव्हती," ती म्हणाली.

"खालच्या थराची आहे. जरा पिवळी... म्हटलं, बघाल."

"मातीच दाखवायला आलात ना?"

"हो — म्हणजे... मातीच."

"मग कान का लाल झालेत?"

"उन्हाने."

"सावलीत उभे आहात, खड्डेवाले."

मग रोजच कुठल्या ना कुठल्या थराची माती निघू लागली. एकदा तिने विचारलं, "तुमचा चौकोन कुठल्या मातीचा?"

"मला काय ठाऊक? आई-बाप आठवत नाहीत. मुकादमाच्या गोदामात वाढलो."

"मग तिथली आणा."

मी तिथे गेलो. लहानपणी जिथे पोत्यांवर झोपायचो तिथली मूठभर खरवडून आणली. तिने ती ओली करून घोटली आणि बत्ता खलातच ठेवून झोपायला गेली. सकाळी बत्ता निघेना. गोदाम सिमेंटच्या पोत्यांचं होतं. मातीत निम्मं तेच. मी बत्ता धरून ओढत होतो, ती खल धरून. दोघंही धपकन खाली बसलो, बत्ता तिथेच.

"तुमचं गाव भलतंच घट्ट आहे हो! धरलं की सोडत नाही," हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मीही तसाच आहे," मी बोलून गेलो.

ती हसायची थांबली. खलाच्या काठावरून बोट फिरवत राहिली. "माझ्या शेजारचा चौकोन रिकामा आहे," ती म्हणाली. "ठेवू का तुझ्यासाठी?"

"ठेव," मी म्हणालो. 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही.

लग्न झालं. चौकोन रिकामाच राहिला. उसनी माती तिला चालायची नाही, आणि माझी मला सापडत नव्हती. संध्याकाळी ती उंबऱ्याबाहेर बसून कुंचले धुवायची, पाणी पायरीशी ओतायची आणि विचारायची, "सापडली का?"

"शोधतोय."

"शोध, शोध. रोज खड्डे खणतोस आणि स्वतःची वाटीभर सापडत नाही!"

आता विचारणारं कोणी नाही. घरी आलो की मी पायरीवर बसतो. उठायचा कंटाळा येतो. परवा मेव्हणी चहा घेऊन शेजारी बसली. म्हणाली, "गल्लीतल्यांना ताईचं चित्र सभागृहात लावायचंय. तुमचा चौकोन तेवढा भरला की नेतील."

मी खाली बघत होतो. पायरीशी, जिथे ती पाणी ओतायची, तिथल्या मातीला कुठलाच एक रंग नव्हता. बेकरीची राख, म्हातारीचं माहेर, गल्लीतलं प्रत्येक घर तिच्या कुंचल्यातून तिथे उतरलं होतं. तिची स्वतःची मातीही. मी बोटांनी उकरून वाटीत घेतली.

"ही चालेल का गं? उसनी तर नाही होणार?"

मेव्हणीने वाटीत पाहिलं. "रोज बसता कुठे, भावोजी?" ती म्हणाली आणि रिकामे कप घेऊन आत गेली.

चित्र अजून आमच्या भिंतीवर आहे. झोपताना समोर दिसतं.

माती चाळून ठेवली आहे. डिंक अजून भिजत घातलेला नाही.