ढब्बूचं लंगडणं

शनिवारी संध्याकाळी पाच वाजता ढब्बू कुत्र्याला इंजेक्शन देऊन कायमचं झोपवायचं ठरलं होतं. त्याच दिवशी दुपारी बारा वाजता त्याची, म्हणजे जनावरांची, फिजिओथेरपिस्ट अक्कांच्या ऑफिसात येऊन बसली. तिच्या पँटला घोड्याचे केस चिकटले होते आणि हातात एक फाइल होती.

अक्का खासगी तपास करायच्या, आणि माणूसजातीबद्दल त्यांचं मत काही फारसं बरं नव्हतं. मदतीला सख्खा भाऊ होता. पन्नाशी उलटली तरी तो धाकटाच. त्याच्याबद्दलचं मत तर विचारूच नये.

“डाव्या मागच्या गुडघ्याचं ऑपरेशन,” थेरपिस्ट सांगू लागली. “चार महिने पाण्यातल्या ट्रेडमिलवर चालवला, वाळलेली मांडी भरून आणली. पळायला लागला होता. पंधरा दिवसांपूर्वी निरोप आला, परत लंगडतोय, आता आणणार नाही. मला दारात उभं करत नाहीत. माझ्यामुळे पाय गेला म्हणतात. म्हणोत बापडे. पण धडधाकट कुत्रा मारतायत हो ते.”

“सर्जन काय म्हणतात?”

“एक्स-रे स्वच्छ आहे. दवाखान्यात नीट चालला. घरी गेला की लंगडतो.”

“म्हणजे दुखणं घरात आहे,” अक्का म्हणाल्या. “धाकट्या, चपला घाल.”

घर मोठं आणि जुनं. हॉलमध्ये म्हातारे मालक आरामखुर्चीत, पायाशी ढब्बू. नावाप्रमाणेच अंगापिंडानं भरलेला, झुपकेदार, नऊ वर्षांचा. ऑपरेशनची खूणही आता केसांत बुजली होती.

“त्याचे हाल बघवत नाहीत,” म्हातारे म्हणाले. “निर्णय माझा आहे. कुणी सांगितलं म्हणून नाही.”

एवढ्यात जावई आत आले. ढब्बू लगबगीनं उठला, उजवा मागचा पाय पोटाशी घेतला आणि तीन पायांवर उड्या मारत त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला. म्हाताऱ्यांनी मान फिरवली. धाकट्यानं चुकचुक केली. अक्कांनी फाइल उघडून एकदा पाहिली आणि मिटली.

“बघा ना मॅडम,” जावई म्हणाले. “त्या बाईंनी दिलेलं पत्रक फ्रिजवर लावलंय. गेला महिनाभर व्यायाम मीच घेतो. त्याच्यासमोर खाली बसतो, पत्रक बघून एकेक गोष्ट करून घेतो. पोटच्या पोरासाठी केलं नाही एवढं.”

न विचारता आपली सेवा ऐकवणाऱ्यांचा अक्कांना मनस्वी तिटकारा होता. त्यांनी फक्त मान हलवली.

लेक वरच्या खोलीत खोकी भरत होती.

“आमच्या नव्या फ्लॅटचा ताबा मिळून सहा महिने झाले. तिथं कुत्रा चालत नाही, आणि बाबांचा एकच हेका, ढब्बू आहे तोवर हे घर सोडणार नाही.”

“मग आता मार्ग मोकळा झाला.”

“तसं नका हो म्हणू.” तिचा चेहरा उतरला. “मी त्याला हात लावत नाही, भीती वाटते मला. पण वाईट कुणी चिंतलं नव्हतं. त्यात ह्यांचं एकेक. शर्टाच्या खिशात चीजचा चुरा. डायबेटिस आहे, लपून खातात. धुऊन धुऊन डाग निघत नाहीत.”

स्वयंपाकीणबाईंनी तर कपाळालाच हात लावला. “लंगडा? अहो, माझ्या डब्याचं झाकण वाजलं की चारी पायांनी उधळत येतो. मी सांगितलं घरात. जावईसाहेब म्हणाले, हाव सुटली की जनावर दुखणं विसरतं.”

अक्कांनी जमिनीवर फतकल मारली. टेपनं ढब्बूच्या दोन्ही मांड्या मोजल्या, सारख्याच भरल्या. मागच्या दोन्ही पंजांची नखंही सारखी झिजलेली होती.

“लेकीनं काहीतरी टोचलं असणार,” धाकटा कुजबुजला.

“तू लिहून घे. डोकं चालवू नकोस, सवय नाही तुला.”

साडेचार वाजता अक्कांनी सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं. थेरपिस्टलाही बोलावून घेतलं.

“पाय न टेकणाऱ्या कुत्र्याची नखं वाढतात, मांडी वाळते,” अक्का म्हणाल्या. “याचं दोन्ही जागच्या जागी. स्वयंपाकघरात पळतो, दवाखान्यात चालतो. हा लंगडा नाही. याला लंगडायला शिकवलंय. पाय उचलला की खाऊ.”

“कोण शिकवणार?” जावई हसले. “त्या बाईंचीच चूक झाकायची ही—”

“ऑपरेशन कुठल्या पायाचं?”

“डाव्या.”

“आणि हा उचलतो कुठला?”

सगळ्यांनी खाली पाहिलं. ढब्बू जावयांपुढे उजवा पाय पोटाशी धरून उभा होता.

“पंधरा दिवस घर हळहळतंय, आणि पाय कुठला ते बघायची तसदी एकानंही घेतली नाही. जनावराच्या कामात डावं-उजवं जनावराचं धरतात. थेरपिस्ट झोपेतही चुकणार नाही. चुकेल तो अडाणी, जो कुत्र्यासमोर बसून पत्रक वाचतो. पत्रकात डावा म्हटलंय, म्हणून आपल्या डाव्या बाजूचा पाय धरतो. तो कुत्र्याचा उजवा. समोर तुम्ही बसत होतात. लेक हात लावत नाही, स्वयंपाकीणबाईंच्या राज्यात तो लंगडत नाही. खिसा दाखवा.”

जावयांनी खिशावर हात ठेवला, तेवढंच पुरलं.

“बाबांच्या भल्यासाठीच,” ते पुटपुटले. “एवढ्या घरात किती दिवस राहणार? ढब्बू असेतो ते हलले नसते.”

“भलं करणारा तोंडावर भांडतो,” अक्का म्हणाल्या. “तुम्ही चीज चारून एका मुक्या जीवाकडून त्याच्याच मरणाची तालीम करून घेतलीत. आणि तीही चुकीच्या पायावर.”

लेक नवऱ्याकडे बघतच राहिली. म्हाताऱ्यांनी ढब्बूचा पाय नीट निरखला.

“मीही पाय बघितला नाही,” ते थेरपिस्टला म्हणाले. मग जावयांकडे वळले. “जावईबापू, त्याचं चीज द्या त्याला. महिनाभर त्यानं तुमचं मन लावून ऐकलंय. मग डॉक्टरांना फोन करा, येऊ नका म्हणावं. आणि वर खोकी भरताय ना, त्यांत तुमचंच सामान भरा.”

जावयांनी खिशातून तुकडा काढून पुढे केला. ढब्बूनं तो खाल्ला, पाय खाली टेकला आणि चारी पायांवर चालत म्हाताऱ्यांच्या पावलांवर जाऊन बसला.